रस पास करणाऱ्या विमलताई

मागच्या वर्षी दिवाळीनंतरच्या आठवड्यात विमल पगारे यांच्या जिभेची चव गेली. आधी ताप आला, मग सर्दी. दोन्ही बरे झाले, चव परतली नाही. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी त्या नेहमीप्रमाणे इंदिरानगरमधल्या आमच्या बागेच्या मागच्या दाराशी आल्या. सिमेंटच्या बाकावर त्यांनी झाकणाचे पातेले ठेवले, चमच्याने कोरफडीच्या रसाचा घोट घेतला आणि थांबल्या. पुन्हा एक घोट घेतला. मग पातेले उचलून कुंपणालगतच्या चरात रिकामे केले. रांगेतल्या लोकांच्या हातात आपापले पेले होते.

"मला कडू कळत नाहीये," त्या म्हणाल्या. "आज रस नाही."

लोकांनी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. रस रोजचाच, पाने रोजचीच, करणारा हातही तोच, मग बिघडणार काय, असा सगळ्यांचा सूर होता. विमलताईंनी पातेले बाटलीतल्या पाण्याने विसळले.

"केलाय मी. पण पास कोण करणार?" एवढे म्हणून त्या घरी गेल्या.

विमलताई महापालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात रसायनतज्ज्ञ होत्या. नदीचे पाणी गाळून, क्लोरीन घालून शहराला सोडण्याआधी त्याचे नमुने तपासायचे, हे त्यांचे काम. निवृत्तीला बरीच वर्षे झाली तरी त्यांच्या तोंडी तीच भाषा होती. दूध आले की ते पास व्हायचे, नातीने केलेली पोळी एखाद्या दिवशी नापास व्हायची. बोलण्यात रागलोभ नसे. निकाल सांगितल्यासारखा सांगत आणि पुढच्या कामाला लागत.

केंद्रातल्या त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने मला एक गोष्ट सांगितली होती. कोणा मोठ्या पाहुण्यांसमोर एका नव्या टाकीचे उद्‌घाटन होते, मांडव पडला होता, नळाला फीत बांधली होती. विमलताईंची चाचणी पूर्ण व्हायची होती. साहेबांनी घाई केली तेव्हा त्यांनी खुर्ची ओढून नळासमोर ठेवली आणि त्यावर बसून राहिल्या. पाहुण्यांनी आधी भाषण केले, फीत नंतर कापली. विमलताईंना मी हे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, खुर्ची होती की स्टूल ते आता आठवत नाही. बाकीच्या तपशिलाला त्यांनी दुजोरा दिला नाही आणि तो नाकारलाही नाही.

रसाची सुरुवात त्यांच्या स्वतःच्या पोटापासून झाली. नोकरीत अवेळी जेवण, सततचा चहा, त्यातून पोट साफ न होण्याचा जुना त्रास. पंचवटीतल्या एका वैद्यांनी त्यांना कोरफडीचा रस सांगितला, तो कसा काढायचा तेही दाखवले. त्यांना उतार पडला. मग शेजारच्या दोघी मागू लागल्या, मग बागेत फिरायला येणारे. चांदवडजवळ त्यांच्या भावाचे कांद्याचे शेत आहे आणि त्याच्या बांधावर कोरफड आहे. भाऊ पानांची पिशवी एसटीच्या वाहकाकडे देई, विमलताई स्टॅंडवर जाऊन ती घेत. रस त्या फुकट देत. पेला मात्र ज्याचा त्याने आणायचा, तोही धुतलेला. पेल्याला चहाचा वास आला तर परत घरी पाठवत.

कोरफडीच्या पानाची साल आणि आतला पारदर्शक गर यांच्यामध्ये पिवळा चीक असतो. तो अतिशय कडू. गरासोबत तो पोटात गेला तर मुरडा येतो, जुलाब होतात. रस करण्यातले मुख्य काम हा चीक घालवणे हेच आहे. विमलताई आदल्या संध्याकाळी पाने बुडाशी छाटून, कापलेली बाजू खाली करून, कोरड्या बादलीत उभी ठेवत. रात्रभर चीक निथळून तळाशी जमे. सकाळी पाने धुऊन साल काढायची, गर पुन्हा धुवायचा, मिक्सरमधून फिरवायचा, पाणी घालून फडक्यातून गाळायचा, वर किंचित आले आणि सैंधव. इतके करूनही एखाद्या पानात चीक राहून जातो. तो राहिला की नाही हे सांगणारे उपकरण घरात नसते. म्हणून विमलताई बाकापाशी सगळ्यांच्या देखत पहिला घोट स्वतः घेत. घोट जिभेवर फिरवून, समोरच्या कडुनिंबाकडे बघत त्या काही वेळ उभ्या राहत. तेवढा वेळ रांगेत कोणी बोलत नसे. मग शब्द येई, "पास." आणि पेले पुढे होत.

अर्धा पेला, त्याहून जास्त नाही. एकदा एका निवृत्त अधिकाऱ्यांनी, आपली प्रकृती दणकट आहे, तेव्हा पूर्ण पेला द्या, असा आग्रह धरला. विमलताईंनी त्यांना अर्धा पेला दिला आणि उरलेला अर्धा पाण्याने भरून दिला.

नव्या माणसाला रस सहज मिळत नसे. गोळ्या कोणत्या चालू आहेत, पोट नुसते जड वाटते की दुखते, किती दिवस, वजन उतरले का, असे सगळे विचारून होई. गरोदर बाईला रस द्यायचा नाही, हे त्यांना वैद्यांनी बजावले होते. एका नव्या सुनेला त्यांनी रांगेतच विचारले, दिवस गेलेत का. सून लाजली, मागे उभी असलेली सासू चिडली. दुसऱ्या दिवसापासून विमलताई हा प्रश्न बाजूला घेऊन विचारू लागल्या. पण विचारायच्या थांबल्या नाहीत. कोणी रक्तातल्या साखरेवर चालतो का असे विचारले की म्हणत, "साखरेचं डॉक्टरांना विचारा. मला पोटाचं विचारा, तेही अर्धंच."

एक गृहस्थ काही आठवडे शौचातून रक्त जात असल्याचे हळू आवाजात सांगत होते. विमलताईंनी त्यांच्या हातातला भरलेला पेला काढून घेतला. आधी डॉक्टर, मग कोरफड, असे सांगून त्यांना परत पाठवले. ते रागावून गेले. पुन्हा आले नाहीत. ते डॉक्टरकडे गेले का, हे मला कळू शकलेले नाही.

रसाने कोणाचे काय बरे झाले याची माझ्याकडे माहिती नाही. बहुतेकांचे म्हणणे, पोट हलके राहते. काहींचे म्हणणे, फरक नाही, पण सकाळी उठणे होते. विमलताई स्वतः या वादात पडत नसत. प्यायल्यावर त्रास झाला का, एवढेच त्या दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला विचारत.

त्रास झाल्याची तक्रार एकदाच आली. आमच्याच सोसायटीतल्या देशमुख काकूंना दिवसभर जुलाब झाले आणि संध्याकाळपर्यंत विमलताईंच्या रसानेच झाले ही बातमी सगळ्या इमारतींत फिरली. विमलताई काकूंच्या घरी गेल्या तेव्हा त्यांच्या हातात एक छोटी बाटली होती. रोजच्या रसातला थोडा नमुना त्या दुसऱ्या दिवसापर्यंत फ्रीजमध्ये ठेवत, ही केंद्रातली सवय. काकूंच्या घरच्या सगळ्यांसमोर त्यांनी ती बाटली तोंडाला लावून संपवली आणि खुर्चीत बसून राहिल्या. आपल्याला काही होते का, हे बघायला. काही झाले नाही. चहा झाला. तासाभराने काकूंच्या मुलाने विचारले, आई, कालपासून तू आणखी काय घेतलं होतंस? तेव्हा काकूंनी सांगितले, की रसाने इतके बरे वाटते म्हणून आदल्या रात्री त्यांनी गॅलरीतल्या कुंडीतले एक अख्खे पान सालीसकट मिक्सरमधून काढून प्यायले. सालीत जास्त जीवनसत्त्व असते असा मेसेज त्यांना आला होता.

विमलताईंनी त्यांना दोष दिला नाही. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी काकूंना घरी बोलावून बादलीतला पिवळा चीक दाखवला. काकू तेव्हापासून त्यांच्या मदतनीस झाल्या.

या रांगेत कधीही उभे न राहिलेले एक गृहस्थ रोज शेजारच्या बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसत. प्रभाकर सोनवणे, मूळचे सटाण्याकडचे, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. बोलत प्रमाण मराठी, पण वैतागले की अहिराणीवर येत, 'आहे'चे 'शे' होई. कडू पदार्थ त्यांना अजिबात चालत नसे. कारले, मेथी, काळी कॉफी, काहीच नाही. रांगेची थट्टा करणे हा त्यांचा सकाळचा व्यायाम होता.

"ताई, हे औषध आहे का शिक्षा?" ते विचारत.

"शिक्षाच आहे. तुम्हाला माफ केलीय," विमलताई म्हणत.

चव गेल्यावर विमलताई कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेल्या. चव परत येईल, कदाचित पूर्ण येणार नाही, कधी ते सांगता येत नाही, असे त्यांनी सांगितले. पहिले काही दिवस विमलताई बागेत आल्याच नाहीत. काकू सांगत, की त्या रोज संध्याकाळी पाने कापून ठेवतात, सकाळी रस करतात, चाखतात आणि मोरीत ओततात. जेवणाचे दुःख त्या करत नव्हत्या. वरणात मीठ नसले तरी जेवत. पण रस बंद झाला तर सकाळी उठून करायचे काय, असे त्या एकदा काकूंजवळ बोलल्या. चोवीस तास चालणाऱ्या कामातून निवृत्त झालेल्या बाईने स्वतःसाठी उभे केलेले काम होते ते. आणि ते चालू ठेवायला एक चमचा घेऊन "पास" म्हणणे पुरेसे होते. लोक तर म्हणतच होते. कोणी तपासायला येणार नव्हते.

त्यांनी दुसरी जीभ शोधायचे ठरवले.

एका सकाळी बाकावर स्टीलच्या वाट्या मांडल्या गेल्या. काहींत साधे पाणी होते, काहींत मेथ्या भिजवलेले पाणी, कमी-जास्त पातळ केलेले. कोणत्या वाटीत काय हे फक्त काकूंना माहीत होते, कारण वाट्या त्यांनी भरल्या होत्या. विमलताईंनी रांगेतल्या एकेकाला बोलावले. जे वर्षानुवर्षे रस पीत होते तेच सगळ्यात आधी चुकले. त्यांना थोडे कडू आता कडू लागत नव्हते. काहींनी विमलताईंना बरे वाटावे म्हणून उत्तरे दिली. एक जण सगळ्या वाट्या चाखून म्हणाला, तुमच्या हातचं सगळं गोडच लागतं. काकूंना विचारून विमलताई म्हणाल्या, "तीन वाट्यांत मेथी होती. बसा."

सोनवणे शेजारच्या बाकावरून प्रत्येकाचा निकाल मोठ्याने जाहीर करत होते. शेवटी विमलताईंनी त्यांच्यापुढे चमचा धरला. सोनवण्यांनी आधी नकार दिला, मग लोकांनी हसून त्यांना उठवले. सगळ्यात पातळ मेथीच्या पाण्याला त्यांनी तोंड वेंगाडले. साध्या पाण्याला साधे म्हणाले. एकही वाटी चुकली नाही, फक्त एक सोडून. ती साध्या पाण्याची होती आणि तिला ते कडू म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, चुकले म्हणून.

काकू म्हणाल्या, "थांबा. त्या वाटीत आधी मेथी होती. मी विसळून घेतली होती, पण साबण नव्हता लावला."

विमलताईंनी चमचा खाली ठेवला. "भाऊ, उद्यापासून तुम्ही यायचं."

सोनवण्यांनी साफ नाही म्हटले. आयुष्यभर डिझेलचा धूर खाल्ला, आता म्हातारपणी कोरफड चाटू का, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय ताईंनी स्वतःच रस द्यायला काय हरकत आहे, कोणाला कळणार आहे, असेही त्यांनी विचारले.

विमलताई त्यांच्या बाकावर बसल्या. मी जवळच होतो म्हणून पुढचे बोलणे मला ऐकू आले.

"सकाळी नळाला पाणी आलं की तुम्ही पेला भरता आणि पिता. बघता का त्यात काय आहे?"

"नाही."

"का नाही बघत?"

सोनवण्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "चाटीन," ते म्हणाले. "पिणार नाही."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःचा चमचा आणि खिशात गुळाचा खडा घेऊन आले. रस पुन्हा सुरू झाला. ते घोट घेत, तोंडाचे असे काही हाल करत की रांग हसू लागे, आणि मग गूळ तोंडात टाकून "पास" म्हणत. विमलताई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहत. पूर्वी कडुनिंबाकडे बघत तशाच.

थंडी वाढल्यावर विमलताईंना पुन्हा अशक्तपणा आला. संध्याकाळी पाने कापून बादलीत ठेवायचे काम एक दिवस काकूंनी आपल्याकडे घेतले. सकाळी रस विमलताईंनीच केला. बाकापाशी सोनवण्यांनी घोट घेतला, तोंड वाकडे केले. लोक हसले. या वेळी ते गूळ खायचे विसरले.

"कडू शे, ताई."

लोक आणखी हसले. काकू म्हणाल्या, "भाऊ, पुरे आता. थंडी वाजतेय." रांगेतल्या एका गृहस्थांनी पुढे होऊन स्वतः घोट घेतला आणि निकाल दिला, की रोज लागतो तसाच लागतो. आणखी दोघांनी त्यांना दुजोरा दिला. सोनवणे रोज नाटक करतात, आज थोडे लांबवले, असे सगळ्यांचे मत पडले. एकीकडे रोज रस पिणारे तिघे, दुसरीकडे रस कधीच न प्यायलेला एक थट्टेखोर माणूस. विमलताईंना स्वतःला काहीच कळण्याचा मार्ग नव्हता. त्यांनी सोनवण्यांना एकच प्रश्न विचारला.

"किती?"

"माले सांगता येत नही. पन शे."

विमलताईंनी पातेले उचलले आणि चरात ओतले. मागून कोणीतरी बोलले, की जो माणूस पीत नाही त्याच्या शब्दावर आमचा रस ओतता, उद्यापासून दुकानातली बाटली आणू. विमलताई पातेले विसळत होत्या. "त्यांनी नापास केलाय," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, समर्थनही नव्हते. ती रांग पांगेपर्यंत सोनवणे उभेच होते. चमचा हातात तसाच.

दुपारी देशमुख काकू विमलताईंच्या घरी गेल्या. पुढचे मला काकूंनीच सांगितले. बादली मोरीत तशीच होती आणि तिच्यात पाणी होते. पाने रात्रभर सुकतील म्हणून काकूंनी आदल्या संध्याकाळी बादलीत दोन तांबे पाणी घातले होते. देवासाठी आणलेली फुले त्या तशीच ठेवतात. चीक खाली निथळायच्या ऐवजी पाने रात्रभर स्वतःच्याच चिकाच्या पाण्यात उभी राहिली होती. सकाळी अंधारात, अशक्तपणात, विमलताईंनी पाने उचलली, बादलीत बघितले नव्हते.

काकू रडल्या. विमलताईंनी बादली उपडी केली, घासली आणि काकूंना म्हणाल्या, "आज संध्याकाळीही तुम्हीच ठेवा. कोरडी."

बागेत त्यांनी याबद्दल चकार शब्द काढला नाही. सोनवण्यांचे बरोबर होते, असेही सांगितले नाही. दोन दिवसांनी काकूंनीच रांगेसमोर सगळे सांगून टाकले. सोनवणे म्हणाले, "काकू, म्हणजे त्या दिवशी तुम्ही मला फुलं वाहणार होतात." मग हशा पिकला, आणि दुकानातली बाटली आणू म्हणणारे गृहस्थ पेला घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

बातमीदारीत मी आयुष्य काढले. निकाल फिरवणारी माणसे पाहिली, निकाल दाबणारी पाहिली. आपल्याला कळत नाही असे दिसल्यावर निर्णय दुसऱ्याच्या हाती देणारे आणि त्याने दिलेला निर्णय चारचौघांत, हसणाऱ्या लोकांसमोर, पुरावा हाती नसताना पाळणारे माणूस मला दुसरे भेटले नाही.

त्या थंडीपासून विमलताई दर शनिवारी स्वतःची परीक्षा घेतात. वाट्या काकू भरतात, साबणाने धुऊन. विमलताई सगळ्यांसमोर चाखतात आणि उत्तर देतात. काकू बरोबर की चूक ते मोठ्याने सांगतात. सुरुवातीला सगळीच उत्तरे चुकत. उन्हाळ्यात घट्ट मेथीचे पाणी त्यांना ओळखू येऊ लागले. मग मध्यम. लोक आता शनिवारची वाट बघतात. एखादी वाटी बरोबर आली की रांगेत चुळबुळ होते, जणू कोणाचा दहावीचा निकाल लागतो आहे.

मागच्या शनिवारी मी तिथे होतो. विमलताईंनी एकामागून एक वाट्या चाखल्या. सगळ्या बरोबर येत गेल्या. शेवटची सगळ्यात पातळ होती. काकूंचा चेहरा फुलला होता. सोनवण्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवले होते. विमलताई कडुनिंबाकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, साधे पाणी. काकू मग हळू म्हणाल्या, "जवळजवळ साधंच आहे हो, ताई. अगदी थोडी मेथी आहे. एवढी कोणाला कळते?"

"भाऊंना कळते," विमलताई म्हणाल्या.

त्यांनी चमचा पुसला, पातेल्याचे झाकण काढले आणि चमचा सोनवण्यांकडे दिला. सोनवण्यांनी घोट घेतला, तोंड वाकडे केले आणि होकारार्थी मान हलवली. विमलताईंनी पहिला पेला भरला.